छातीतले वळण आणि चार दिवसांचे मोजमाप



या सदरात मी तुमच्याशी पिकापाण्याविषयी बोलत असतो. आज मात्र एका आजाराविषयी लिहिणार आहे. मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे, हे वाचताना विसरू नका. पण गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी जो प्रसंग आला, त्यात एक गोष्ट मला फार उशिरा समजली. ती तुम्हाला वेळेवर समजावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, वय ६८. चार एकर बागायत, दारात दोन म्हशी, आणि दोन्ही वेळची धार स्वतः काढणार. रक्तदाबाची गोळी त्यांना दहा वर्षांपूर्वी सुरू झाली होती. बरे वाटले की दाजी ती बंद करत, डोके जड झाले की पुन्हा घेत. बिडीही सुटलेली नव्हती. सुगीत खोकला हटेना म्हणून तालुक्याला छातीचा फोटो काढला, तर त्यात डावीकडची सावली रुंद दिसली. पुढे शहरात सी.टी. स्कॅन झाला. छातीतली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगून ६.२ सेंटिमीटर झाली होती. एरवी तिथे ती अडीच-तीन सेंटिमीटर असते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा फुगवटा फुटला तर माणूस बहुधा हाती लागत नाही. पण छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक नळी सरकवून फुगवटा आतून झाकता येईल. आम्हाला हायसे वाटले. तेवढ्यात ते म्हणाले, "पण हे सगळं तुमच्या कमानीवर अवलंबून आहे. आधी नीट मोजावं लागेल."

मोजण्यात चार दिवस गेले. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, फुटायची भीती आहे म्हणतात आणि नुसतं मोजत बसलेत. बिल वाढवायचा तर बेत नाही ना?" खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले होते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवून समजावून दिले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ते चार दिवस कशाला लागले, ते आता ऐका.

पंप, वळण आणि तीन फाटे

हृदय म्हणजे विहिरीवरचा पंप धरा. त्यातून निघणारी मुख्य पाइपलाइन म्हणजे महारोहिणी. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. ती हृदयातून निघून आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी डावीकडे आणि मागे वळते, आणि पाठीच्या कण्याच्या कडेने खाली पोटात उतरते. या वळणाला कमान म्हणतात.

नेमक्या याच वळणाच्या माथ्यावरून तीन मोठे फाटे निघतात. पहिला उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला जातो. दुसरा मानेतून सरळ मेंदूच्या डाव्या बाजूला. तिसरा डाव्या हाताला. पण तिसऱ्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. त्यातून एक उपफाटा मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला जातो, आणि पाठीच्या मज्जारज्जूलाही थोडे रक्त पोचवतो. म्हणजे पाटकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर सगळ्यात मोलाच्या तीन चाऱ्या वळणावरच फुटल्या आहेत, आणि दाजींचा फुगवटा तिसऱ्या चारीला जवळजवळ खेटून होता.

नळी कशी असते

ही नळी कापडाची असते आणि तिला स्प्रिंगसारख्या धातूच्या कड्यांचा आधार असतो. ती घडी करून बारीक नळकांड्यात भरतात, जांघेतून वर नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत योग्य जागी उघडतात. उघडली की ती ताणून भिंतीला चिकटते. रक्त नळीतून वाहू लागते, फुगवट्यावरचा दाब कमी होतो. हिला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात.

हे काम फार जुने नाही. छातीतल्या महारोहिणीत अशी नळी १९८७ साली खार्किव शहरात निकोलाय वोलोडोस या शल्यविशारदाने बसवली. पोटातल्या भागात १९९० साली ब्युनॉस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी बसवली. १९९२ पासून अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मायकेल डेक यांनी छातीतले काम सुरू केले. त्याआधी बरगड्यांमधून छाती उघडून खराब भाग कापणे आणि तिथे कापडी नळी शिवणे, हाच मार्ग होता. अजूनही अनेकांना तोच लागतो.

आता मुख्य मुद्दा. ही आतली नळी टाके घालून शिवलेली नसते, ती केवळ आपल्या ताणाने धरून राहते. आणि एकदा उघडली की परत घडी करून बाहेर काढता येत नाही. म्हणून मोजमाप आधी.

पहिले माप : पकडीची जागा

पाइप जोडताना तो सॉकेटमध्ये पुरेसा आत गेला नाही तर सांधा गळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही फुगवट्याच्या अलीकडे आणि पलीकडे निदान २ सेंटिमीटर निरोगी, सारख्या जाडीची भिंत लागते. दाजींच्या बाबतीत तिसऱ्या फाट्याच्या तोंडापासून फुगवट्यापर्यंत फक्त ९ मिलिमीटर जागा होती. म्हणजे निम्मीही नाही.

जागा कमी पडली की हृदयाच्या दिशेने मागे सरकावे लागते. जपानचे शल्यविशारद इशिमारू यांनी यासाठी महारोहिणीचे शून्य ते चार असे टप्पे पाडले आहेत, आणि जगभर तेच वापरतात. तिसऱ्या फाट्याच्या पुढचे २ सेंटिमीटर म्हणजे टप्पा तीन, त्याच्याही पुढे टप्पा चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या फाट्यामधला टप्पा दोन, पहिल्या आणि दुसऱ्यामधला एक, आणि पहिल्या फाट्यापासून हृदयापर्यंत शून्य. हिशेब सरळ आहे. तीनकडून शून्याकडे जाताना प्रत्येक पायरीला एका फाट्याचे तोंड झाकले जाते, आणि झाकण्यापूर्वी त्या फाट्याला दुसरीकडून रक्त द्यायची सोय करावी लागते.

दुसरे माप : वळण

ज्यांनी खळ्यावर पात धरलेली पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल त्याच फेऱ्यात कितीतरी जास्त. कमानीचेही तसेच. आतली कड आखूड, बाहेरची लांब. बाहेरच्या कडेने २ सेंटिमीटर पकड भरली तरी आतल्या कडेने भरेलच असे नाही. म्हणून दोन्ही कडा वेगळ्या मोजतात.

शिवाय प्रत्येकाची कमान सारखी नसते. वय वाढते, रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहतो, तशी महारोहिणी लांबत जाते आणि कमानीचा माथा वर चढतो. पहिला फाटा माथ्यापासून किती खाली निघतो, यावर कमानीचे तीन प्रकार करतात. मापाला दुसऱ्या फाट्याची जाडी घेतात. अंतर त्या एका जाडीच्या आत असेल तर पहिला प्रकार, एक ते दोन जाड्या असेल तर दुसरा, आणि दोनपेक्षा जास्त असेल तर तिसरा. तिसऱ्या प्रकारात वळण अवघड होते. नळी पुढे न्यायला जोर लागतो, आणि उघडल्यावर तिची आतली कड भिंतीला न चिकटता पक्ष्याच्या चोचीसारखी उचललेली राहण्याचा धोका असतो. मग त्या चोचीखालून रक्त शिरते आणि फुगवटा भरतच राहतो. कधी कधी नळी दबूनही जाते.

हे ऐकताना मला माझीच एक चूक आठवली. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या शेततळ्याचे अस्तर मी मोजून दिले होते. वरची लांबी-रुंदी घेतली, तळ घेतला, पण उतरत्या बाजूंची तिरपी लांबी धरायची राहिली. प्लॅस्टिकचा कागद दोन कोपऱ्यांत अपुरा पडला. ओढूनताणून बसवला. पहिल्याच भरणीला पाणी कागदाखाली शिरले आणि कागद फुगून वर आला. तो शेतकरी मला काही बोलला नाही, पण ते तळे आठवले की अजून मान खाली जाते. कागद निदान बदलता आला. छातीत तशी मुभा नाही.

तिसरे माप : जाडी

ऊस सरळ कापला तर काप गोल येतो. तिरका कापला तर तोच ऊस लांबट आणि जाड दिसतो. स्कॅनमध्ये शरीराचे आडवे काप घेतलेले असतात. महारोहिणी सरळ उतरते तिथे ते गोल येतात, पण कमानीवर ते तिरके पडतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून संगणकावर वाहिनीच्या मध्यरेषेला काटकोनात नवे काप पाडून पुन्हा मोजतात.

नळी मूळ जाडीपेक्षा साधारण १० ते २० टक्के मोठी घेतात, म्हणजे ती ताणून बसते. वाहिनीचा आतला पदर फाटलेला असेल तर त्याहून कमी, कारण ताणाने तो आणखी फाटू शकतो. फार मोठी घेतली तर नळीला चुण्या पडतात, लहान घेतली तर ती सरकते.

चौथे माप : फाट्यांची तोंडे

सगळ्यांना तीनच फाटे असतात असे नाही. शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणांत पहिला आणि दुसरा फाटा एकाच बुंध्यातून निघतो. डॉक्टर लोक याला 'गाईची कमान' म्हणतात. मला गंमत वाटली म्हणून मी आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "गाईला तशी कमान नसतेच." गाई-म्हशीत एकच मोठा बुंधा निघतो आणि दोन्ही बाजूंचे सगळे फाटे त्यातूनच फुटतात. म्हणजे माणसाच्या या प्रकाराला गाईचे नाव उगाच चिकटले आहे. नाव कसेही असो, परिणाम खरा आहे. अशा माणसात टप्पा एक उरत नाही. मेंदूच्या दोन्ही बाजू एकाच तोंडावर अवलंबून असतात, तेव्हा नळी मागे सरकवताना फार जपावे लागते.

शंभरात चार-पाच जणांत मेंदूच्या मागच्या भागाला जाणारा उपफाटा तिसऱ्या फाट्यातून न निघता थेट कमानीवरून निघतो. शंभरात एखाद्याचा उजव्या हाताचा फाटा सगळ्यात शेवटी निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जातो. हे त्या माणसाला जन्मभर कळलेलेही नसते. पण नळी टाकताना कळले नसेल तर नको ते तोंड झाकले जाईल.

पाचवे : आतला थर आणि जायची वाट

जुन्या पाइपात क्षार धरतो तसा कमानीच्या आत चरबीचा आणि चुन्याचा थर धरतो. नळी घासून त्यातला तुकडा सुटला आणि मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. म्हणून थर किती आणि कुठे आहे हे आधी पाहतात. तसेच जांघेपासून वर जाणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंद आहेत का, फार वेड्यावाकड्या आहेत का, हेही पाहतात. वाटच अरुंद असेल तर नळी तिथपर्यंत पोचणार कशी?

दाजींचे काय ठरले

सगळी मापे मांडल्यावर चित्र असे होते. तिसऱ्या फाट्यापुढे पकड फक्त ९ मिलिमीटर. पण नळी दुसऱ्या फाट्याच्या लगेच पुढे सुरू केली तर बाहेरच्या कडेने २७ आणि आतल्या कडेने २१ मिलिमीटर पकड मिळत होती. कमान दुसऱ्या प्रकारची. म्हणजे काम होण्यासारखे होते, पण डाव्या हाताच्या फाट्याचे तोंड झाकावे लागणार होते.

पुष्कळांना हे तोंड झाकले तरी हाताला आडवाटेने रक्त पोचते. पण दाजींच्या मानेतला उजवा उपफाटा बारीक होता. मेंदूच्या मागच्या भागाचे रक्त मुख्यतः डाव्या बाजूनेच येत होते. तोंड तसेच झाकले असते तर त्या भागाला धोका होता, मज्जारज्जूला धोका होता, आणि डावा हात दुबळा राहण्याचीही शक्यता होती. म्हणून डॉक्टरांनी सुचवले की आधी गळपट्टीच्या हाडावर छेद घेऊन दुसऱ्या फाट्यातून तिसऱ्याला जोडनळी टाकू, मग महारोहिणीतली नळी बसवू. आपण चारी बुजवण्याआधी शेजारच्या चारीतून नवा दांड काढून देतो, तसेच हे. तिसऱ्या फाट्याचे जुने तोंडही बंद करायचे होते, नाहीतर रक्त उलटे येऊन फुगवट्यात शिरले असते.

अक्काला हे पटेना. ती म्हणाली, "छातीचा आजार आणि गळ्याला कशाला हात लावायचा? एकाच्या जागी दोन ऑपरेशनं?" मी तिला कागदावर पाइपलाइन काढून दाखवली. भाच्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतले. डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. पक्षाघात होऊ शकतो, पाय लुळे पडू शकतात, जीवही जाऊ शकतो, हे सगळे सांगितले. छाती उघडून करण्याचा पर्यायही समोर ठेवला, पण दाजींच्या बिडीने खराब झालेल्या फुप्फुसांना तो जड गेला असता. शेवटी दाजीच म्हणाले, "मोजून मापून सांगतायत ना? मग करा. मला धार काढायला दोन्ही हात पाहिजेत."

मानेचे काम झाले. पाच दिवसांनी नळी बसवली. आवाज पंधरा दिवस बसला होता, तो सुटला. आता वर्ष होत आले. दाजी बसून धार काढतात, पोती उचलत नाहीत. बिडी सुटली. नळी सरकली का, फुगवटा वाढतोय का, हे पाहायला महिन्याने स्कॅन झाला, आणि आता दरवर्षी करायचा आहे. हे काम एकदा करून विसरायचे नाही, एवढे ध्यानात ठेवा.

अलीकडे फाट्याची सोय असलेल्या नळ्याही निघाल्या आहेत. तिसऱ्या फाट्यासाठी बाजूला लहान शाखा असलेल्या एका नळीला २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तीही प्रत्येकाच्या कमानीत बसत नाही. तिथेही आधी मोजमाप आलेच.

तुम्ही काय करावे

घरात चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून मिळतो. गोळी सुरू झाली असेल तर बरे वाटते म्हणून सोडू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. विडी, सिगारेट बंद करा. सख्ख्या नात्यात कोणाला असा फुगवटा निघाला असेल तर भावंडांनी आणि मुलांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करावी.

नळीची गोष्ट निघाली तर डॉक्टरांना हे विचारा. पकडीची जागा किती मिळते? कोणता फाटा झाकावा लागेल? झाकला तर त्याला रक्त कुठून देणार? छाती उघडून करणे आणि नळी टाकणे, यांत आमच्या माणसाला कोणते बरे आणि का? आणि न विचारता हे सांगा. हृदयाची बायपास झाली असेल तर सांगा, कारण त्यात पुष्कळदा डाव्या हाताच्या फाट्यातून निघणारी वाहिनी हृदयाला जोडलेली असते. तो फाटा झाकला तर हृदयाचेच रक्त तुटेल. डाव्या हातावर डायलिसिसची जोडणी असेल तरी सांगा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर स्कॅनच्या औषधाआधी सांगा. स्कॅनची चकती जपून ठेवा. दुसरीकडे मत घ्यायचे तर नुसता कागदी अहवाल पुरत नाही. खर्च मोठा असतो, म्हणून सरकारी योजनेत बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. थांबून मोजण्याची सवड दाजींना होती, कारण त्यांना दुखत नव्हते. छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत एकाएकी कापड फाटावे तशी असह्य कळ आली, ती खाली सरकू लागली, घाम फुटला, भोवळ आली किंवा एखादा हात-पाय लुळा पडला, तर गॅस म्हणून सोडा पाजत बसू नका, पाठ चोळू नका. १०८ ला फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा. महारोहिणीचा पदर हृदयाजवळ फाटला असेल तर तासातासाने धोका वाढतो, आणि तिथे बहुधा छाती उघडूनच ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते.

पण जिथे सवड आहे तिथे मोजणाऱ्यावर रागावू नका. भाच्याने परवा नव्या पाइपलाइनसाठी मला शेतावर बोलावले. पाहतो तर हातात टेप घेऊन वळणे मोजत उभा. म्हणाला, "मामा, आधी मापं घेतो, मग दुकानात जातो." मला फार बरे वाटले.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीकडे वळू. तोपर्यंत राम राम.